अण्णाचा देवमासा

अण्णा, तुझी शोकसभा चांगली झाली असं सगळे म्हणतात. हार मोठा होता. फोटो मात्र तुला न आवडणारा तोच लावला होता, टाय घातलेला, ज्यात तू भलत्याच कुणासारखा दिसतोस. तुझ्या कॉलेजातली माणसं एकेक करून उठली आणि चांगलं बोलली. मग तुमच्या विभागातले एक जुने सर उठले आणि त्यांनी तुझ्या देवमाशाची गोष्ट सांगितली. कारवारच्या वाळूवर मेलेला मासा, नाकाला रुमाल लावून पळालेली पोरं, "आणि आमचे कांबळे सर मात्र बेधडक आत शिरले. त्यांना वासाचं काही वाटतच नव्हतं!" ते हे प्रेमानंच म्हणाले. सभा हसली. शोकसभेत हसायची संधी मिळाली की माणसं जरा सैल होतात, तसलंच ते हसू होतं.

पण माझ्या शेजारी आप्पा बसले होते, पोराच्या शोकसभेला आलेले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि फरशीकडं बघत राहिले. मीही फरशीकडंच बघितलं. आपल्या घरात त्या माशाचं नाव इतकी वर्षं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते असं माइकवरून कानावर आलं.

वासाचं काही वाटत नव्हतं म्हणे. मासा चिरला त्या दोन दिवसांत तू पाण्यापलीकडं काही पोटात ठेवू शकत नव्हतास. दर थोड्या वेळानं बाहेर येऊन वाळूत ओकत होतास आणि तोंड धुऊन परत आत जात होतास. हे उठून सांगावं असं मला वाटलं. मी उठले नाही. आणि तेव्हापासून मी तुझ्याशीच बोलतेय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, अण्णा. अर्ध्यावर उठून जायची तुझी सवय नव्हती.

तुला समुद्राचं वेड लागावं असं आपल्या निपाणीत काय होतं? नळाला येईल तेवढं पाणी आणि वखारीतून उडणारी तंबाखूची धूळ. तू कॉलेजच्या सहलीत एकदा समुद्र बघून आलास आणि बदललास. पुढं प्राणिशास्त्र शिकवायला लागलास, तेव्हा कारवारच्या नायक बाईंची आणि तुझी ओळख झाली. बाई खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या डॉल्फिनांचा अभ्यास करत होत्या. त्यांच्याकडं पैसा नव्हता, म्हणून नाताळच्या सुट्टीत त्या स्वयंसेवक बोलवायच्या. शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचं, मिळेल ते खायचं आणि दिवसभर पाण्याकडं बघत बसायचं. तू दरवर्षी जायचास.

"सुट्टीत बी कामच करायचं, ते बी फुकट?" आप्पांनी तुला विचारलं होतं.

"फुकट न्हाय, आप्पा. डॉल्फिन बघाय मिळत्यात."

"मासंच न्हवं? बाजारात बघ की."

"मासं न्हवंत ते. पोरास्नी दूध पाजत्यात, आपल्यागत."

"मग पाजू देत की. तू त्येंच्यात कशाला?"

आई गेल्यावर आप्पा एवढं हसून बोललेलं तेवढंच मला आठवतं.

त्या वर्षी तू मलाही घेऊन गेलास. मी बेळगावात बी.एड. करत होते आणि पिरनवाडीत तुझ्याच खोलीवर राहत होते. पिरनवाडीहून तुला कॉलेज लांब पडायचं. कॉलेजजवळ टिळकवाडीत खोल्या रिकाम्या असायच्या, पण त्या आडनाव सांगेपर्यंतच. तू त्यावर विनोद करायचास. "आपलं आडनाव लई गुणी हाय गं," म्हणायचास, "घरमालकाची खोली एका मिनटात भरून टाकतंय." मला तो विनोद कधीच आवडला नाही.

पण कारवारचे पहिले दिवस, अण्णा, ते मी कुणाला सांगितलेले नाहीत, कारण सांगायला गेलं की पुढचं सगळं सांगावं लागतं. पहाटे आपण टेकडीवर जायचो. दोघादोघांनी बसायचं, दुर्बीण आळीपाळीनं घ्यायची, पाठीचा पंख दिसला की हात वर करायचा, ओरडायचं नाही. हा बाईंचा नियम. आणि पहिल्यांदा ती करडी पाठ पाण्यावर आली, तिच्या शेजारी एक छोटी पाठ आली, तेव्हा मी ओरडलेच. तू डोळे वटारलेस. मग तुलाच हसू आवरेना. "ओरडलीस तर ओरडलीस," म्हणालास, "पर पिल्लू व्हतं ते ध्यानात घे. लिहून ठेव, आई आणि पिल्लू."

होडीत गेलो तेव्हा मला उलट्या झाल्या. तू माझी वेणी मागं धरून बसलास आणि मान मात्र पाण्याकडं. एकदा होडीच्या अगदी कडेला डॉल्फिन वर आला, त्याचा श्वास 'फुस्स' करून माझ्या तोंडावर उडाला. तो वास माशासारखा होता आणि मला तो आवडला होता. सगळे एकाच पातेल्यातलं जेवायचो. तुझा एक विद्यार्थी होता, टिळकवाडीतल्या वकिलांचा मुलगा, मोहन. तो तुझी पिशवी उचलायचा आणि दर वाक्याला 'सर, सर' करायचा. ते खोटं नव्हतं, त्याचा तुझ्यावर खरंच जीव होता. त्या दिवसांत मी आपलं आडनाव विसरले होते. इतकं मोकळं मला आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग खालच्या गावाकडून निरोप आला, की देवमासा किनाऱ्याला लागलाय.

आपण पोचलो तेव्हा अख्खं गाव वाळूवर होतं. दोन जुंपलेल्या बैलगाड्या एकामागं एक उभ्या केल्या तर होईल एवढा तो लांब. मरून बरेच दिवस झाले असावेत, पोट फुगलं होतं आणि कातडी जागोजाग सुटली होती. बायकांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. वास असा होता, की तो नाकानं नाही, घशानं कळत होता. बाईंना त्या माशाची मापं हवी होती, पोटात काय आहे ते बघायचं होतं, हाडं हवी होती. असा मासा आयुष्यात पुन्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. पण कोळी म्हणाले, देव आहे, आम्ही सुरी लावणार नाही. दोन दिवसांत पुरून टाकायचा असा हुकूम होता. पोरं एकेक करून मागं सरली.

तेव्हा गावातले ते वयस्कर गृहस्थ पुढं आले. स्वच्छ धोतर, हातात छत्री. त्यांनी तुला अदबीनं विचारलं, "आपण कुठले?"

"निपाणीचा."

"नाव?"

तू पूर्ण नाव सांगितलंस.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आनंदच झाला त्यांना. "मग चिंता मिटली," ते बाईंकडं वळून म्हणाले. "आमच्या इथं या कामाला माणूस मिळत नाही. यांच्या लोकांना माहीत असतं."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं. ते तर कृतज्ञपणे बोलत होते. बाई पिशवीत टेप शोधत होत्या. मोहन पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तू हातातलं सगळं खाली टाकशील आणि म्हणशील, चल गं.

आपला आज्जा चिकोडीकडच्या गावात ढोरं ओढायचा. गावात जनावर मेलं की पहिली हाक आज्जाला. मग आपल्या लोकांची बैठक झाली, हे काम सोडायचं ठरलं आणि त्यानं ते सोडलं. गावानं पाणी तोडलं, दुकान बंद केलं, तरी त्यानं हात लावला नाही. शेवटी आप्पांना पाठीशी बांधून आज्जा-आज्जी निपाणीला आली आणि वखारीत तंबाखू कुटायला लागली. ही गोष्ट आपण भाकरीबरोबर खाल्ली होती. दुसऱ्या घरांत देवांच्या गोष्टी सांगतात, तशी आपल्या घरात ही सांगितली जायची.

आणि तू त्या गृहस्थांना म्हणालास, "व्हय. माहीत हाय." आणि शर्टाच्या बाह्या वर केल्यास.

मी तिथून निघाले. वर सुरूच्या झाडांत जाऊन बसले. त्या गावातल्या कुणालाही मी ओळखत नव्हते, पुन्हा त्यांचं तोंडही बघणार नव्हते, तरी मला वाटत होतं की या सगळ्यांना आता आपलं घर, आपली गल्ली, आईच्या बोटांवरचे तंबाखूचे डाग, सगळं दिसतंय. तुझा राग आला होता. त्याहून जास्त, मी तुझी बहीण आहे हे लोकांना माहीत आहे, याची लाज वाटत होती. असं सांगताना जीभ अडते, पण तेच खरं होतं.

दुपारी बाईंनी माझ्या हातात तुझा डबा दिला. तू वाळूवर बसला होतास, कोपरापर्यंत आणि छातीपर्यंत माखलेला, डोळे लाल. मी आले. आणि तुझ्यापासून चांगली दहा-बारा पावलं अलीकडं थांबले. डबा वाळूवर ठेवला. पाण्याचा तांब्या त्याच्या शेजारी ठेवला. आणि मागं सरकले.

तू त्या डब्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. आणि हसलास.

"लांबनं वाढायला कुठं शिकलीस गं?"

मला म्हणता आलं असतं, की वास सोसत नाही. ते खरंही होतं. पण मी ज्या तऱ्हेनं डबा ठेवला होता, ती तऱ्हा मला कुणी शिकवली नव्हती आणि तरी ती मला अगदी नेमकी येत होती. आपल्या आईला लोक जसं पाणी घालायचे, वरून, लांबून, हात लागू न देता, तसंच. तू उठलास, डबा घेतलास आणि पाण्याकडं तोंड करून बसलास. खाल्लं काहीच नाहीस. दुसरा दिवसही मी त्याच झाडांत बसून काढला. पुढं आयुष्यभर तू त्या वाक्याची थट्टा केलीस. मी चहाचा कप जरा दूर ठेवला तरी, "आली बघा लांबनं वाढणारी." तुझ्या बायकोलाही तू ते शिकवलंस. तुम्ही हसायचा, मी हसायची. माझं हसू कसलं होतं हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तू थट्टा सोडली नाहीस. थट्टेत ठेवलंस म्हणून मी तुझ्यासमोर उभी राहू शकले. त्याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत.

परतीच्या गाडीत तू आंघोळ करून, दुसरे कपडे घालून चढलास, तरी वास होताच. केसांत, नखांत, पिशवीत. लोकांनी खिडक्या उघडल्या. मग एक बाई उठली, मग तिचा नवरा. कंडक्टर येऊन वास घेऊन म्हणाला, "इळीरी, इळीरी," उतरा म्हणून. तू त्याला कन्नडमध्ये शांतपणे सांगितलंस, की मी कॉलेजात शिकवतो, संशोधनाचं काम होतं. तो म्हणाला, असू दे, पण उतरा. आपण मधेच कुठंतरी उतरलो. माणसं खिडकीतून बघत होती. लाकडं नेणाऱ्या ट्रकच्या मागं बसून बेळगाव गाठलं. रस्ताभर तू मला त्या माशाबद्दल काहीतरी सांगू बघत होतास आणि मी म्हणत होते, "मला ऐकायचं न्हाय." शेवटी तू गप्प झालास.

तसेच पुढं निपाणीला आलो, तर आप्पा दारात होते. त्यांनी आपल्याला बघितलं आणि त्यांचं तोंड उघडण्याआधी त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"कसला वास हाय ह्यो?"

मी म्हणाले, "मासळीबाजारातनं आलो, आप्पा."

तू म्हणालास, "न्हाय. देवमासा मेलाता. मी चिरला."

"तू?"

"व्हय, मीच."

आप्पा बराच वेळ तुझ्या हातांकडं बघत राहिले. मग आवाज न चढवता म्हणाले, "ह्या वासापायी माझ्या बापानं गाव सोडलं. आणि तू त्यो वास घरात घिऊन आलास, कॉलेजात शिकून."

"आज्जाला करायला लावत हुते, आप्पा. मला कुणी लावलं न्हाय. मी आपखुशीनं केलं."

"आपखुशी," आप्पा म्हणाले, आणि आत गेले. तुझे कपडे त्यांनी परसात नेऊन जाळले. तू चौकटीत उभा राहून बघत होतास. त्यानंतर पाच-सहा महिने ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू रविवारी यायचास, त्यांच्यासमोर बसायचास, ते पेपर वाचत राहायचे आणि संध्याकाळी तू परत जायचास. एकही रविवार चुकवला नाहीस.

आपलं भांडण मात्र बोलून चालू होतं. तू म्हणायचास, काम तेच असलं म्हणून काय झालं, करणारा कोण आणि कशासाठी करतो हे बघायला नको? आज्जानं टाकलं ते जनावर नव्हे, हुकूम टाकला. मला कुणाचा हुकूम नव्हता. मी म्हणायची, तुला नसेल वाटला. त्या छत्रीवाल्याला तू आपखुशीनं करताना दिसला नाहीस. त्याला एक महार त्याचं काम करताना दिसला. तू म्हणायचास, मग त्याच्या डोळ्यांसाठी मी माझं शास्त्र सोडू? मी म्हणायची, आज्जानं पोटाचं सोडलं होतं. इथं येऊन आपण दोघंही थांबायचो. आज्जाच्या पुढं जायची दोघांचीही छाती नव्हती.

वर्षं गेली. मी निपाणीच्या शाळेत लागले आणि वर्गात माझ्यासमोर आपल्याच गल्लीतल्या पोरी बसायला लागल्या. काय झालं मला कळलं नाही, पण एक दिवस मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, तुझ्या बाजूनं. सांगितलं, की माझ्या भावाला कुणी हुकूम देऊ शकत नव्हतं, म्हणून त्याला कुठल्या कामाचीही लाज नव्हती. पोरींचे डोळे मोठे झाले. त्यानंतर मी ती दरवर्षी सांगायला लागले. तुला मात्र कळू दिलं नाही. हरल्याचं कबूल करायला नको होतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सांगितलं. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि तुला सारखी खाज सुटायची. मी तुझी पाठ पुसत होते. म्हणाले, "अण्णा, तूच बरोबर हुतास. तू निवडलंस."

तू कुशीवर वळायला बघितलंस. "कुठलं निवडलंय गं," म्हणालास. "त्या म्हाताऱ्यानं नाव इचारलं तवा पळून जायाचं मनात आलं. लई लाज वाटली. न्हाय म्हटलं असतं तर सगळ्यास्नी कळलं असतं, का न्हाय म्हटलं ते. व्हय म्हटलं म्हंजे वाटंल, ह्येला काय वाटतच न्हाय."

मी विचारलं, "म्हंजे मी पोरींना इतकी वर्षं खोटं सांगितलं?"

"खोटं न्हाय." तू बराच वेळ दम खात राहिलास. "दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत गेलो न्हवं? कुणी बोलावलं न्हवतं. ते माझं."

"आणि पयल्या दिवसाचं?"

तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली. तू मला हातानं खूण केलीस, नंतर. नंतर तुला ग्लानी आली आणि पुढच्या दिवसांत तू फक्त पाणी मागितलंस. पहिल्या दिवसाचं काय, अण्णा? तुलाही लाज वाटली होती हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी झाडांत बसले नसते. की तरीही बसलेच असते? मला खरंच सांगता येत नाही.

आता काल काय झालं ते ऐक.

नायक बाई आल्या. त्यांना उशिरा कळलं. कारवारहून बेळगावला आणि तिथून निपाणीला, घर विचारत आल्या. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, पायरी चढताना माझा हात धरला. आप्पा खुर्चीवर बसले होते. त्यांनी बाईंना आधी कधी बघितलं नव्हतं, पण नाव सांगितल्यावर ओळखलं. मी चहा आणून ठेवला.

मग आप्पा म्हणाले, "बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्या दिवशी सुरी तुम्हीबी धरली हुती?"

"धरली होती. शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो."

"मग घरला गेल्यावर? घरची काय म्हणाली?"

बाई जुन्या आठवणीनं थोडं हसल्या. "आमचं घर फार सोवळ्याचं. आईनं विहिरीवर बसवून डोक्यावरून पाणी घातलं. काहीतरी तीर्थ प्यायला दिलं. मग घरात घेतलं."

"आणि मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी सगळे विसरले."

आप्पांनी मान हलवली. "तुमचं एका आंघोळीत गेलं, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. आज ऊन फार आहे, असं कुणी म्हणावं तसं म्हणाले.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी कप खाली ठेवला. त्या खालच्या मानेनं म्हणाल्या, "तो माणूस वाळूवर जे बोलला ते मी ऐकलं होतं. मासा सडत होता, मला कामाची घाई होती. मी टेप शोधत राहिले."

"कुणीच काय बोललं न्हाय," आप्पा म्हणाले. "मी तर माझ्या पोरासंगं बोलायचंच टाकलं."

मी दाराला टेकून उभी होते. खोलीतली तिन्ही माणसं खाली बघत होती, अण्णा, आणि तिघांनाही तुझ्या फोटोकडं बघायचं धाडस नव्हतं.

थोड्या वेळानं आप्पांनी विचारलं, "काम बरं करायचा काय त्यो?"

हा प्रश्न तुला या घरात कुणी कधी विचारला नव्हता. तू ते करावंस की करू नयेस यावर आम्ही इतकी वर्षं भांडलो. तू काय केलंस, कसं केलंस, आत काय बघितलंस, हे आप्पांनी विचारलं नाही आणि मीही नाही. ट्रकमध्ये तू सांगायला लागला होतास, तेव्हा मी कानावर हात ठेवले.

बाईंचा आवाज बदलला. त्या सांगायला लागल्या. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे, त्यांना पाय होते. पाण्यात गेल्यावर पाय गेले, पण कमरेची दोन छोटी हाडं अजून आत मांसात राहतात, कशालाही न जोडलेली. वीतभर असतील नसतील. एवढ्या मोठ्या सडलेल्या धडात ती सहसा हाती लागत नाहीत. बाईंनी नाद सोडला होता. तू सोडला नाहीस. दुसऱ्या दिवशी पूर्ण दुपारभर नुसत्या हातांनी चाचपत राहिलास. आणि उन्हं कलताना आतून ओरडलास, "बाई, घावली!"

"ओरडायचं नाही असा माझा नियम," बाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी मीही ओरडले. तो लहान मुलासारखा पळत सुटला. ती हाडं समुद्रात धुतली, हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, आणि म्हणाला, बहिणीला दाखवून येतो. सुरूच्या झाडांपर्यंत गेला." त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही रस्त्याकडं तोंड करून बसला होता. तो थोडा वेळ मागं उभा राहिला आणि परत आला. मी विचारलं, दाखवलं का? म्हणाला, राहू दे, नंतर दाखवतो."

तू माझ्या मागं उभा होतास. किती वेळ उभा होतास? मी वळले असते तर?

आप्पांनी बाईंना विचारलं, "मला दाखवली असती काय त्यानं?"

"दाखवली असती."

"मी बघितलं नसतं," आप्पा म्हणाले. "तवा न्हाय." मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते खुर्चीतून उठले. "आता कुठं हाईत ती?"

"तुमच्या मुलाच्या कॉलेजात. काचेच्या कपाटात."

"म्हंजे बेळगावातच." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बेळगावची पयली गाडी किती वाजता हाय गं?"

अण्णा, उद्या आम्ही दोघं निघालोय. तुमच्या जुन्या सरांना मी निरोप धाडलाय, ते कपाट उघडून देणार आहेत. आप्पांनी धुतलेलं धोतर काढून ठेवलंय, मला कुठली साडी नेसावी ते कळत नाही. तिथं गेल्यावर आम्ही काय करणार हेही कळत नाही. तू असतास तर हाड हातात देऊन सगळं समजावून सांगितलं असतंस, आप्पांच्या शंकांना हसला असतास. आता आम्हाला नुसतं बघावं लागेल.